लग्नातली एस्प्रेसो, कॅफेतली एस्प्रेसो आणि घरचा फिल्टर

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन आपल्या नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत गेले होते. मेनूकार्डात तिला ओळखीचं एकच नाव दिसलं, एस्प्रेसो. तिने तीच मागवली. समोर आली ती दोन-तीन घोटांची कोरी कॉफी, वर तांबूस फेसाचा थर. मावशीने एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, ही एस्प्रेसो नाही. एस्प्रेसो मला माहितीये. लग्नात असते ती."

तिचं म्हणणं अगदी साहजिक होतं. गंगापूर रोडवरच्या कुठल्याही लॉन्सवर रिसेप्शनला जा, आइस्क्रीमच्या काउंटरशेजारी एक चकचकीत मशीन उभं असतं. माणूस भांड्यात दूध घेतो, नळी आत बुडवतो, मोठा आवाज करत वाफ सुटते, दूध फुगून वर येतं. कपात कॉफी पावडर आणि साखर घोटलेली असतेच, त्यावर ते दूध, आणि वरून चॉकलेट पावडरची चिमूट. आपल्या दोन पिढ्या तिलाच एस्प्रेसो म्हणत आल्या आहेत. बरेच जण 'एक्स्प्रेसो' म्हणतात.

घरी येताना मावशीने रिक्षात विचारलं, "मग ही, ती आणि आपल्या घरचा तो स्टीलचा फिल्टर, यांत फरक नेमका कशाचा? बियांचा?" हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलेला आहे, आणि त्याचं नेहमीचं उत्तर असतं, 'एस्प्रेसो स्ट्राँग, फिल्टर माइल्ड.' हे उत्तर मला अपुरं वाटतं, आणि एका अर्थाने तर ते चूकच आहे. म्हणून जरा निवांत लिहिते.

लग्नातली कॉफी आधी बाजूला काढू. त्या मशीनमध्ये कॉफी तयार होतच नाही, फक्त दूध तापतं आणि फेसाळतं. कपातली पावडर असते इन्स्टंट. इन्स्टंट म्हणजे कारखान्यात आधीच मोठ्या प्रमाणावर कॉफी काढून, तिच्यातलं पाणी उडवून उरलेली कोरडी पूड. कॉफी काढायचं काम कधीच उरकलेलं असतं, आपण त्यात पुन्हा पाणी किंवा दूध घालतो एवढंच. म्हणून ती विरघळते आणि तळाशी चोथा राहत नाही. नाव मात्र तिला एस्प्रेसोचं का मिळालं, त्याचा धागा त्या वाफेच्या नळीत असावा असं मला वाटतं. त्याकडे पुढे येते.

आता खरी कॉफी. भाजून दळलेल्या कॉफीच्या पुडीतला बहुतेक भाग हा झाडाचा तंतूच असतो, पाण्यात न विरघळणारा. विरघळू शकतो तो साधारण ३० टक्के. तोही सगळा आपल्याला नको असतो, कारण चवी एकाच वेळी उतरत नाहीत. आधी आंबटपणा आणि वास येतो, मग गोडसरपणा, आणि शेवटी कडू-तुरट भाग. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के एवढं पाण्यात आलं की थांबावं, असं कॉफीवाल्यांचं माप आहे. कमी उतरलं तर कॉफी आंबट आणि पोकळ लागते, जास्त उतरलं तर जीभ कोरडी करणारी कडू. जगातली कॉफी करण्याची प्रत्येक पद्धत, मग ती कुठलीही असो, हाच पाचवा हिस्सा बाहेर काढायची धडपड करत असते. एस्प्रेसो आणि फिल्टर या त्यासाठीच्या दोन वेगळ्या वाटा आहेत.

वाट ठरते ती दळणाने. चहात आल्याचा अख्खा तुकडा टाकला तर पाच मिनिटं उकळूनही चहाला आलं लागत नाही. तेच आलं किसून टाकलं तर लगेच झोंबतं. तुकडे जितके बारीक तितका पाण्याला भिडणारा पृष्ठभाग जास्त. कॉफीचंही तसंच. रव्यासारखी रवाळ दळली तर तिच्यातला अर्क उतरायला तीन-चार मिनिटं लागतात. पिठीसाखरेच्या जवळ जाईल इतकी बारीक दळली तर पंचवीस-तीस सेकंद पुरतात.

मग बारीकच दळावं की सगळ्यांनी! तर इथे अडचण येते. बारीक पूड घट्ट बसते आणि पाण्याला वाट देत नाही. शेतात चिकणमाती पाणी पिऊन चिकट होते आणि वरचं पाणी तसंच साचून राहतं, तसं. वरून ओतलेलं पाणी स्वतःच्या वजनाने त्या थरातून तीस सेकंदांत खाली येणं शक्यच नसतं. ते थेंब थेंब उतरत बसणार, आणि तेवढ्या वेळात नको तो कडवटपणाही घेऊन येणार.

म्हणून दाब. एस्प्रेसोचं मशीन गरम पाणी ९ बार दाबाने त्या घट्ट थरातून ढकलतं. ९ बार म्हणजे किती? घरचा कुकर शिट्टीला येतो तेव्हा आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १ बारने जास्त असतो. त्याच्या नऊपट. लासलगावहून कांदा भरून निघालेल्या मोठ्या ट्रकच्या टायरमध्ये जेवढी ठासून हवा असते, त्याच्या आसपास. पाण्याच्या भाषेत सांगायचं तर ९० मीटर उंचीवर टाकी ठेवली तर खालच्या नळाला जो जोर येईल तो.

माझ्या मते सगळा फरक इथे कळतो. आपल्याला वाटतं, दाबामुळे कॉफी 'जास्त निघते' म्हणून एस्प्रेसो कडक. तसं नाही. दाब असतो तो बारीक दळणातून पाणी वेळेत पार व्हावं म्हणून. बारीक दळण कशासाठी, तर अगदी थोड्या पाण्यात आणि थोड्या वेळात पुरेसा अर्क उतरावा म्हणून. कागदी गाळणीच्या फिल्टरमध्ये हे काम गुरुत्वाकर्षण करतं. त्याचा जोर बेताचा, म्हणून दळण जाड, म्हणून वेळ जास्त, म्हणून पाणीही जास्त. एक गोष्ट बदलली की पाठोपाठ बाकीच्या बदलाव्याच लागतात.

हे आकड्यांत करून पाहू, कारण 'स्ट्राँग'चा गोंधळ तिथेच सुटतो. कॅफेत एका डबल एस्प्रेसोला साधारण १८ ग्रॅम पूड घेतात आणि कपात ३६ ग्रॅम कॉफी उतरवतात. पुडीतला पाचवा हिस्सा, म्हणजे ३.६ ग्रॅम, पाण्यात आला. ३६ ग्रॅममध्ये ३.६, म्हणजे १० टक्के. आता कागदी गाळणीची फिल्टर कॉफी. १५ ग्रॅम पूड, २५० ग्रॅम पाणी. पाचवा हिस्सा म्हणजे ३ ग्रॅम. चोथा स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, म्हणजे ३० ग्रॅम गेलं, कपात आली २२० ग्रॅम कॉफी. २२० मध्ये ३, म्हणजे १.४ टक्क्यांच्या आत. घोटाघोटाचा हिशेब केला तर एस्प्रेसो सातपट दाट. पण पुडीतून ओढलेला अर्क दोन्हीकडे सारखाच, पाचवा हिस्सा.

आणि कॅफीन? मावशीला वाटत होतं, ती इवलीशी कॉफी प्यायली तर रात्रभर झोप येणार नाही. खरं तर ३० मिलिलिटरच्या एका एस्प्रेसोत साधारण ६० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं, आणि २४० मिलिलिटरचा मोठा कप भरून फिल्टर कॉफी घेतली तर ९५ च्या आसपास. कॅफीन पाण्यात सहज विरघळतं, त्यामुळे ते ठरतं मुख्यतः पूड किती घेतली आणि बी कुठलं यावर. रोबस्टा आणि अरेबिका या कॉफीच्या दोन मुख्य जाती; रोबस्टा बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. झोप उडणं न उडणं दाटपणावरून ओळखायला जाऊ नये.

बियांबद्दल मावशीने विचारलंच होतं. एस्प्रेसोचं असं वेगळं झाड नाही, वेगळं बी नाही. पाकिटावर 'एस्प्रेसो' लिहिलेलं असतं तेव्हा ती भाजणाराची शिफारस असते की हे भाजणं किंवा हे मिश्रण त्या पद्धतीला बरं. चिकमगळूरच्या एकाच बागेतली एकाच तोडीची कॉफी तुम्ही मशीनमध्येही घालू शकता आणि फिल्टरमध्येही. फक्त दळण बदलायचं. दुकानात कॉफी दळून घेणार असाल तर 'कशासाठी हवी' हे आधी सांगा. बाकी सगळं विसरलं तरी चालेल, हे विसरू नका. फिल्टरची जाडसर पूड मशीनमध्ये घातली तर पाणी दहा सेकंदांत सुसाट निघून जातं आणि हाती आंबट काळं पाणी लागतं. एस्प्रेसोची पिठूळ पूड कागदात घातली तर गाळणी तुंबते.

मशीनवर काम करणारी मुलं पूड घातल्यावर ती सपाट करून दाबताना इतकी जपून का करतात, तेही आता कळेल. वाफ्यात पाणी सोडल्यावर बांधाला एखाद्या खेकड्याने भोक पाडलेलं असेल तर सगळं पाणी तिथूनच पळतं, बाकीची रोपं कोरडी. ९ बारच्या जोराने पाणी येताना पुडीच्या थरात कुठे भेग असेल तर तसंच होतं. भेगेजवळची पूड धुऊन निघून कडू होते, बाकीची अर्धी कच्ची राहते, आणि कपात आंबट आणि कडू दोन्ही एकदम येतं. फिल्टर इथे फार सोशिक आहे. दळण थोडं चुकलं, हात थोडा हलला, तरी पिण्यासारखी कॉफी देतो.

आता त्या वाफेच्या नळीचा धागा. इटलीत तुरीन शहरात आंजेलो मोरिओंदो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफी यंत्राचं पेटंट घेतलं. मग मिलानच्या लुइजी बेझेरा यांनी १९०१ मध्ये एकेका गिऱ्हाइकासाठी ताजा कप काढणाऱ्या यंत्राचं. एस्प्रेसो या इटालियन शब्दात 'दाबून बाहेर काढलेली' हा अर्थ आहे आणि 'खास तुमच्यासाठी, तत्काळ' हाही. पण त्या जुन्या यंत्रांत पाणी ढकलायचं काम बॉयलरमधली वाफच करायची, दाब दीड बारच्या आसपास, आणि कॉफी करपट लागायची. आज ज्याला आपण एस्प्रेसो म्हणतो ती खरी जन्मली मिलानच्याच आकिले गाज्या यांच्यामुळे. त्यांनी १९३८ मध्ये वाफेविना पाणी ढकलण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं आणि महायुद्धानंतर दांडा ओढून चालवायची, स्प्रिंगच्या जोराची मशीन आणली. दाब एकदम आठ-दहा बारवर गेला. आणि कपात पहिल्यांदाच वर तांबूस फेस दिसू लागला. पुढे १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ या मशीनने हाताच्या दांड्याऐवजी विजेचा पंप आणला. कॅफेतली आजची मशीन त्याच कुळातली.

वाफ तेव्हापासून कॉफीतून निवृत्त झाली आणि दुधाच्या कामाला लागली. आपल्या लॉन्सवरचं मशीन म्हणजे एस्प्रेसो मशीनचा तेवढा दूध तापवणारा भाग.

तो तांबूस फेस, त्याला क्रेमा म्हणतात, तोही दाबाचाच. बी भाजताना त्यात कार्बन डायऑक्साइड अडकून राहतो. दाबाखाली तो पाण्यात मुरतो, आणि कपात येताच दाब सुटल्यामुळे सोड्याची बाटली उघडल्यासारखा बाहेर पडतो. सोबत कॉफीतले तेलाचे कण आणि बारीक पूड असते; फेस टिकतो तो मात्र मुख्यतः कॉफीतल्या प्रथिनांसारख्या द्रव्यांमुळे. भाजून फार दिवस झालेल्या कॉफीत वायू उरत नाही, म्हणून क्रेमाही पातळ येतो. नुसता चमच्याने चाखला तर क्रेमा कडू लागतो, तेव्हा ढवळून प्या.

आता फिल्टर. हा शब्द तीन वेगळ्या गोष्टींना वापरला जातो, त्यामुळे बोलताना गफलत होते.

परदेशात फिल्टर कॉफी म्हणतात ती कागदातून गाळलेली. तिची सुरुवात जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने केली. कपातला चोथा आणि कडवटपणा तिला खटकायचा. तिने पितळी भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद आत ठेवला आणि त्यातून कॉफी गाळली. १९०८ मध्ये तिने त्याची नोंदणी केली आणि घरातूनच कंपनी सुरू केली. स्वयंपाकघरात रोज उभं राहणाऱ्या बाईने, हाताशी होतं त्यातून लावलेला हा शोध मला फार मोलाचा वाटतो. कागदातून गाळलेली कॉफी चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी पारदर्शक दिसते. कागद बारीक कण अडवतो आणि तेलही अडवतो.

हे तेल अडवणं फक्त चवीपुरतं नाही. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं आणि ते रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतं. उकळून न गाळता प्यायलेल्या कॉफीत ते सर्वांत जास्त, कागदी गाळणीच्या कॉफीत अगदी थोडं, एस्प्रेसो या दोन्हींच्या मधे. घरात कोणाला कोलेस्टेरॉलचा त्रास असेल आणि दिवसाला चार-पाच कप कॉफी होत असेल, तर कागद वापरणं हिताचं.

दुसरी फिल्टर म्हणजे कॉफी मेकर नावाच्या विजेच्या यंत्रातली. ती पहिलीच, फक्त पाणी यंत्र ओततं.

तिसरी, म्हणजे आपल्याला फिल्टर म्हटलं की आठवते ती दाक्षिणात्य. एकावर एक बसणारे दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक छिद्रं, पूड घालून वरून छत्रीसारखी दांड्याची चकती, मग गरम पाणी आणि झाकण. इथे ना कागद ना पंप. पूड बरीच बारीक, पाणी थोडं, आणि जोर फक्त पाण्याच्या वजनाचा. मग वेळ लागणारच. पंधरा-वीस मिनिटं तर सहज, काही घरांत रात्री लावून ठेवतात आणि सकाळी खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, तयार. जे एस्प्रेसो दाब देऊन मिळवते, ते हा फिल्टर वाट पाहून मिळवतो. म्हणून डिकॉक्शन कागदी फिल्टरच्या कॉफीपेक्षा खूप दाट असतं आणि दूध पेलू शकतं. स्वभावाने ते एस्प्रेसोलाच जवळचं, नाव फक्त फिल्टरचं.

त्यात बहुतेक वेळा चिकोरी असते. चिकोरी ही भाजून दळलेली एक मुळी; तिच्यात कॅफीन नाही. ती रंग देते, दाटपणा देते, थोडा करपलेल्या गुळासारखा गोडवा देते, आणि पाणी धरून ठेवत असल्याने थेंब आणखी सावकाश पडतात. भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी असावी लागते, म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं. ते वाचून घ्या. मला स्वतःला २० टक्क्यांच्या वर चिकोरी गेली की कॉफी ऐकूच येत नाही असं वाटतं, पण मावशीला ३० ची आवडते आणि त्यात काही चूक नाही.

एक प्रश्न हमखास येतो. एस्प्रेसोत गरम पाणी घातलं की ती फिल्टर कॉफी झाली का? दाटपणा जुळेल, पण चव जुळणार नाही. पाणी घातलेल्या एस्प्रेसोला अमेरिकानो म्हणतात. तिच्यात तेल आणि पुडीचे सूक्ष्म कण राहतात, त्यामुळे ती जिभेवर जड आणि दिसायला गढूळ. कागदातून गाळलेली कॉफी हलकी, आणि तिच्यात फळासारखा आंबटपणा वेगळा ओळखू येतो. मिसळीच्या कटात पाणी वाढवलं म्हणून त्याची आमटी होत नाही, तसंच.

दुधातही फरक आहे. कॅफेत वाफेने दूध ६० ते ६५ अंशांपर्यंतच नेतात. तिथे ते गोडसर लागतं आणि प्रथिनांत हवा धरून मऊ फेस होतो. आपण घरी दूध उतू जाण्याच्या बेतात आणतो, त्याला शिजल्याचा वास येतो. दाक्षिणात्य कॉफीला तोच वास शोभतो, आणि पेला-वाटीत उंचावरून ओतून फेस आणला की ती पिण्याजोगी कोमटही होते. जायफळाची आपली कॉफी याहून निराळी. तिथे सगळं दुधात उकळतं, आणि उकळताना कॉफीचा वास स्वयंपाकघरभर पसरतो खरा, पण जो घरात पसरला तो कपातून गेला. जायफळ ती जागा भरून काढतं.

नाशिकपुरत्या दोन गोष्टी. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कॉफीला हवं ९० ते ९६. म्हणजे गॅस बंद करून अर्धा-पाऊण मिनिट थांबलात की पाणी तयार, थर्मामीटर नको. दुसरं, बोअरचं पाणी वापरू नका. किटलीच्या तळाला पांढरा थर धरत असेल तर तेच क्षार कॉफीचा आंबटपणा मारून टाकतात आणि मशीन असेल तर तिच्या नळ्याही तुंबवतात. अगदी नुसतं आरओचं पाणीही कॉफीला पोकळ लागतं. थोडे क्षार असल्याशिवाय अर्क नीट उतरत नाही. नळाचं पाणी साधं गाळून घेतलेलं मला सर्वांत बरं वाटलं.

मावशीला मशीन घ्यायचं मनात आलं होतं. मी तिला थांबवलं. चांगलं मशीन महाग, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याच्यासोबत तितकाच चांगला ग्राइंडर लागतो. बाहेरून दळून आणलेल्या पुडीवर मशीन नीट चालत नाही, कारण दळण रोज केसभर इकडेतिकडे करावं लागतं. घरी रोज दूध घालूनच प्यायची असेल तर काही शे रुपयांचा स्टीलचा फिल्टर पुरेसा आहे. पितळीचा हवा असेल तर भांडी बाजारात चौकशी करा, आतून कल्हई आहे ना ते बघून घ्या.

तिला माप लिहून दिलं आहे. लहान फिल्टरला तीन मोठे चमचे पूड, चकती अलगद टेकवायची, दाबायची नाही. आधी दोन चमचे गरम पाणी टाकून अर्धा मिनिट थांबायचं, पूड ओली होऊन फुगते आणि आतला वायू निघून जातो. मग उरलेलं पाऊण कप पाणी, झाकण, आणि हलवायचं नाही. थेंब पडत नसले तर दळण बारीक आहे, पाच मिनिटांत सगळं खाली आलं तर जाड. परवा तिचा फोन आला, "सात मिनिटांत उतरली, आणि पांचट लागली." पुढच्या वेळी दुकानदाराला एक घर बारीक दळायला सांग, एवढंच म्हटलं.